हातावरची सवय लागेल म्हणून बाळाला रडू द्यायचं का?

मानेवाड्याच्या एका ताईंनी विचारलंय, आधी त्यांचा प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पहिलीच मुलगी, ३५व्या आठवड्यात सिझरने झाली, वजन दोन किलो शंभर, पहिले सहा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत होती, आता ११ आठवड्यांची आहे. संध्याकाळी सहा-साडेसहा वाजले की रडणं सुरू, ते नऊ-दहापर्यंत, दूध पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला तरी तेच. झोपते ती फक्त छातीवर, गादीवर टेकवलं की डोळे टक्क उघडे. सासूबाई म्हणतात हातावरची सवय लावून ठेवली, शेजारच्या काकू म्हणतात "रडू दे नं थोडं, रडल्यानं छाती मोकळी होते", आणि नवऱ्याने मोबाईलवर बाळाला एकटं झोपवायचं कुठलंतरी ट्रेनिंग पाहिलंय. त्यात बँकेतली नोकरी, २६ आठवड्यांची रजा संपली की बाळ दिवसभर आजीजवळ राहणार. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, "पहिले सहा दिवस मी तिला धड जवळ घेतलंच नाही, आमचं जुळायचं राहून गेलं का?"

मी नागपुरातच लहान बाळांची डॉक्टर आहे, बरीच वर्षं नवजात बाळांमध्येच गेली. उत्तर लांबणार आहे, पण हा प्रश्न दोन ओळीत उरकण्यासारखा नाही.

आधी सरळ काय ते सांगते. एवढ्याशा बाळाला उचलून घेतल्याने ते लाडावत नाही, हट्टी होत नाही. हट्ट करायचा तर आधी डोक्यात हिशोब मांडता यावा लागतो, की मी रडले की आई येते, तर चला आता मुद्दाम रडू. हा हिशोब या वयात जमतच नाही. आठ-नऊ महिन्यांच्या आसपास बाळ मनात काही ठरवून करायला लागतं, हात पुढे करतं, ओढणी ओढतं, हाक मारल्यासारखं ओरडतं. त्याच्या आधीचं रडणं म्हणजे काहीतरी होतंय, भूक, गरमी, थकवा, पोटात वायू, नाहीतर नुसतं कुणी जवळ हवंय. आणि ते स्वतःचं स्वतः शांत करायची सोय त्या मेंदूत अजून झालेली नसते, ती बाहेरून कुणीतरी करून द्यावी लागते. शेकडो वेळा कुणीतरी करून दिली की मग हळूहळू ती आतून यायला लागते. छाती मोकळी होणं, फुफ्फुसं मजबूत होणं वगैरे काही नाही, त्यासाठी बाळाला रडवायची गरज नसते.

आता एक गोष्ट, जी तुमच्या घरात कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. बाळ पाच आठवडे आधी आलं नं? ११ मधून ५ गेले, उरले ६. म्हणजे मेंदूच्या वाढीच्या हिशोबाने तुमची मुलगी आज दीड महिन्याची आहे, अडीचची नाही. घरात मात्र सगळेजण अडीच महिन्यांच्या बाळाची अपेक्षा धरून बसलेत, अमकीचं लेकरू तर याच वयात हसून राहिलं होतं, हे काहून रडून राहिलं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी करून घेतल्या होत्या, त्यात दिसलं की निरोगी बाळांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याला दिवसाला साधारण पावणेतीन तासांपर्यंत पोचतं, आणि मग उतरायला लागून तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच कमी होतं. त्यातलं जास्तीत जास्त रडणं संध्याकाळचंच. पुढे मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड बार यांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांमध्ये हेच पाहिलं, तर त्यांचंही शिखर सहाव्या आठवड्यालाच आलं, पण जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या ड्यू डेटपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्याला. म्हणजे तुम्ही आत्ता बरोबर शिखरावर आहात. हे तुमच्या उचलण्याने आलेलं नाही, तुम्ही उचललं नसतं तरी आलंच असतं, आणि इथून पुढचा रस्ता उताराचा आहे. हसण्याचंही तसंच, या एक-दोन आठवड्यांत तुमच्याकडे बघून खरंखुरं हसू यायला हवं, लक्ष ठेवा, आणि पहिलं हसू बघायला सासूबाईंनाही समोर बसवा.

बार यांचंच अजून एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८६ मध्ये त्यांनी आणि हुन्झिकर यांनी काही आयांना सांगितलं की बाळाला रोज किमान तीन तास जास्तीचं अंगावर घ्या, आणि गंमत म्हणजे ते रडल्यावर नाही, शांत असतानासुद्धा घ्या. सहाव्या आठवड्याला त्या बाळांचं रडणं-किरकिरणं बाकीच्यांपेक्षा ४३ टक्के कमी निघालं, संध्याकाळचं तर ५१ टक्के. पण पुढे त्यांनी आधीच खूप रडणाऱ्या, कॉलिकवाल्या बाळांवर हाच उपाय करून पाहिला तर काही विशेष फरक पडला नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून मी आयांना एवढंच सांगते की बाळाला रडं फुटेपर्यंत थांबू नका. दुपारी चार-पाचला बाळ छान डोळे उघडून पडलेलं असतं, तेव्हा आपण म्हणतो बरं झालं शांत आहे, पटकन पोळ्या करून घेते, आणि उचलतो ते सहाला, बोंबललं की. ते उलटं करून पाहा, चार-पाचला घ्या, छातीशी धरून घरभर फिरा. तरीसुद्धा संध्याकाळी रडलीच तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. काही बाळं कडेवर असूनही तास-दीड तास रडतात. कालाहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांमध्ये बाळ जवळजवळ दिवसभर आईच्या अंगावर असतं, मागितलं की लगेच दूध, तरी तिथल्या बाळांचं रडणंसुद्धा पहिल्या काही आठवड्यांत असंच वाढतं, फक्त एकेक रडणं लवकर आटोपतं. म्हणून ती शांत झाली की नाही यावरून स्वतःला मार्क देऊ नका. ती रडत होती तेव्हा कुणाच्या तरी हातात होती, तिच्या पुरतं हे खूप आहे.

हे "उचलू नका" प्रकरण आपल्याला आज्यांचं वाटतं, पण पुस्तक छापून ते गाजवलं अमेरिकेच्या जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने, १९२८ मध्ये. मुलांना मिठी मारू नका, मांडीवर घेऊ नका, फारच वाटलं तर झोपताना कपाळावर एक पापी, सकाळी हात मिळवा, असा सल्ला. तेव्हा असंच धरून चालत की बाळाला आई हवी असते ती दुधासाठी, पोट भरलं की काम झालं. १९५८ मध्ये हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची जिच्याकडे दुधाची बाटली, एक मऊ कापड गुंडाळलेली जिच्याकडे काहीच नाही. पिल्लं दूध प्यायला तारेकडे जायची आणि उरलेला बहुतेक दिवस कापडाला बिलगून काढायची, भ्यायली तरी धाव कापडाकडेच. प्रयोग क्रूर होता, आज तसा कुणी करू देणार नाही, आणि मला तो सांगताना दरवेळी वाईट वाटतं, पण दुधाचा आणि जवळीकीचा हिशोब वेगळा आहे हे त्याने ठसठशीत दाखवलं. इंग्लंडचे जॉन बोल्बी त्याच काळात माणसांच्या मुलांबद्दल हेच मांडत होते, की कुणाला तरी धरून राहणं ही बाळाची भुकेइतकीच मूळ गरज आहे, अटॅचमेंट अटॅचमेंट जे आपण ऐकतो ते तिथून आलं.

त्यांच्यासोबत काम केलेल्या मेरी एन्सवर्थ यांनी युगांडाच्या खेड्यांत आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला घरोघरी तासन् तास बसून आया आणि बाळं पाहिली. त्यांच्या २६ बाल्टिमोरच्या बाळांमध्ये असं दिसलं की ज्यांच्या रडण्याला पहिल्या महिन्यांत पटकन आणि मायेने प्रतिसाद मिळाला ती वर्षाच्या शेवटी कमी रडत होती, आवाजाने, हातवाऱ्याने सांगायला शिकली होती. सासूबाईंना हे नक्की सांगा. पण अर्धंच सांगू नका, कारण याच्यावर वादही झालाय. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये ५० बाळांवर हेच तपासलं तेव्हा उलटा कल दिसला, ज्या आया दरवेळी लगेच धावत नव्हत्या त्यांच्या बाळांचे रडण्याचे झटके पुढच्या आठवड्यांत जरा कमी होते. माझ्या अनुभवात दोन्ही खरं आहे, कारण रडण्यात फरक असतो. झोपेत कुणकुण केली, आळस दिला, एक हुंकार काढून परत डोळे मिटले, तिथे झडप घालून उचललं तर आपणच जागं करतो. तिथे हात अंगावर ठेवून थोडं थांबायचं, बाळ स्वतः परत झोपतंय का बघायचं. आणि चेहरा लाल, मुठी आवळलेल्या, आवाज चढत चाललाय, तिथे थांबायचं नाही. हा फरक पंधरा दिवसांत तुमच्याइतका कुणाला कळणार नाही, मलासुद्धा नाही.

मिस्टरांनी पाहिलेलं ट्रेनिंग आत्ता अजिबात नको. ज्या अभ्यासांवरून लोक ते सांगतात ते सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांवरचे आहेत. ऑस्ट्रेलियात सात महिन्यांच्या आसपास झोपेची हळूहळू सवय लावलेल्या मुलांना सहाव्या वर्षी तपासलं, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यात नुकसानही दिसलं नाही आणि कायमचा फायदाही नाही. तेव्हा पुढे गरज पडली आणि तुम्हाला वाटलं तर बघू, त्यात पाप वगैरे काही नाही. पण दूध प्यायला रात्री उठणं ज्याच्या वयाला गरजेचंच आहे अशा लेकराला नाही.

आता ते सहा दिवस.

ताई, हे नीट वाचा. जन्मानंतरच्या पहिल्या तासात जवळ घेतलं तर फार चांगलं, दूध लवकर उतरतं, बाळाची ऊब टिकते, आम्ही त्यासाठी धडपडतो. पण आई-लेकराचं नातं त्या तासात ठरून जात नाही. ते विरजण नव्हे की वेळेवर लावलं नाही तर लागायचंच राहिलं. बाळ खऱ्या अर्थाने एका ठरावीक माणसाला धरून राहायला लागतं ते सहा-सात महिन्यांनी, तोपर्यंतचा सगळा काळ ही बांधणी चालूच असते. दत्तक घेतलेली मुलं तर कित्येक महिन्यांनी आईच्या हातात येतात आणि त्यांचंही घट्ट जुळतं. शिवाय तुमचा आवाज तिला पेटीत असतानाही ओळखीचा होता, १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलंय की तीन दिवसांच्या आतलं बाळसुद्धा परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करतं, कारण तो पोटात ऐकलेला असतो.

मला एनआयसीयूतलं एक दृश्य सांगावंसं वाटतं, कारण ते दर आठवड्याला दिसतं. दीड किलोचं लेकरू, डोक्याला टोपडं, लंगोट सोडून अंगावर काही नाही, ते आईच्या गाऊनच्या आत दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं ठेवायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, गाल छातीला, वरून ओढणीने बांधायचं. सुरुवातीला आई श्वास रोखूनच बसते, वायरी निघतील म्हणून हलत नाही. मॉनिटरवर हृदयाचे ठोके वरखाली होत असतात. मग काही मिनिटांत बाळाची एक मूठ सुटते, बोटं आईच्या कातडीवर पसरतात, ठोके एका लयीत येतात, आणि आईचे खांदे खाली येतात. हे कांगारू मदर केअर कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास एडगर रे सनाब्रिया यांनी सुरू केलं, पेट्या कमी पडत होत्या म्हणून. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास आला, त्यात आपल्या दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटलही होतं, एक ते पावणेदोन किलोच्या बाळांना बरं होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर असं छातीशी ठेवलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. जी गोष्ट दीड किलोच्या बाळाचा जीव वाचवते तिला आपण घरी आल्यावर वाईट सवय म्हणायचं हे मला पटत नाही. तुम्ही आजही हे करू शकता, तुमची मुलगी मोठी झाली म्हणून काही बिघडत नाही, बाबांनीही शर्ट काढून घ्यावं, त्यांना ट्रेनिंगच करायचं असेल तर हे करा म्हणावं. फक्त आपल्याकडे ऊन तापायला लागलंय, तेव्हा सकाळी लवकर किंवा कूलरच्या खोलीत करा, घामाघूम होऊन दोघांनाही त्रास नको.

गरमीवरून आठवलं, संध्याकाळी रडण्यात नागपूरच्या उन्हाळ्याचा वाटा तपासा. बाहेर ४३-४४ आणि बाळाला मोजे, टोपडं, दुपटं, वरून शाल, हे मी ओपीडीत रोज बघते. हातपाय गार लागले म्हणून गुंडाळू नका, मानेच्या मागे आणि छातीवर हात लावून बघा, तिथे घाम असेल तर बाळ गरमीने रडतंय. घरात असताना टोपडं काढा. एक सुती झबलं आणि पातळ कापड पुरतं, कूलरचा झोत थेट अंगावर नको. कूलरचा घरघराट मात्र चालतो, खूप बाळं त्यावर शांत झोपतात. आणि कितीही ऊन असलं तरी सहा महिने वरचं पाणी नाही, अंगावरचं दूध वारंवार पाजा, तहानही त्यातच भागते. मध, घुटी चाटवणं बंद.

झोपवण्याचं सांगते, कारण खरा जीव त्यातच जातो. जपानच्या रिकेन संस्थेत कुरोदा यांच्या गटाने बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून पाहिलं, नुसतं घेऊन बसण्यापेक्षा घेऊन चाललं की बाळ लवकर शांत होतं. २०२२ मध्ये त्यांनी अजून बारकाईने पाहिलं तर कळलं की गादीवर पाठ टेकल्यावर नाही, आईच्या अंगापासून सुटायला लागताक्षणीच बाळाचे ठोके वाढतात, म्हणूनच ते टक्क डोळे. त्यांनी सुचवलेलं असं, रडतंय तर पाच मिनिटं एका चालीने चाला, मध्ये थांबू नका, झोप लागली की लगेच ठेवू नका, पाच ते आठ मिनिटं घेऊन बसून राहा, झोप जरा खोल गेली की मग ठेवा. मी त्यात एवढंच जोडते की ठेवताना आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, मग डोकं, आणि एक तळहात मिनिटभर छातीवर राहू द्या. दर वेळी जमणार नाही. पण दिवसातून दोनदा जमलं तरी तुमच्या पाठीला तेवढा आराम. पाठीवरून हात फिरवायचा तर सावकाश, आपल्या कातडीत असे मज्जातंतू आहेत की जे सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाच्या स्पर्शाने सगळ्यात जास्त जागे होतात, जोरजोरात थोपटल्याने नाही. आज्या अंगाई म्हणत जसा हात फिरवतात तोच वेग.

झोळी किंवा बांधायचं कॅरियर वापरायला हरकत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९० च्या एका छोट्या प्रयोगात काही आयांना मऊ कॅरियर दिलं आणि काहींना प्लास्टिकची बाळखुर्ची, १३व्या महिन्यात पाहिलं तर कॅरियरवाल्या गटात ८३ टक्के बाळं आईशी सुरक्षितपणे जोडलेली होती, खुर्चीवाल्या गटात ३८ टक्के. पण तुमचं बाळ कमी दिवसांचं, मान अजून कच्ची, म्हणून उभं बांधा, चेहरा तुम्हाला दिसत राहावा, हनुवटी छातीला टेकलेली नको. साडीच्या झोक्यात बाळ गोळा होऊन मान दुमडते, त्यात नजरेआड झोपवू नका. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे रात्री दोनला बाळ छातीवर घेऊन सोफ्यावर डोळा लागणं. झोप येतेय असं वाटलं की तिला कडक, सपाट गादीवर पाठीवर झोपवा, शेजारी उशा नकोत, रडली तरी चालेल. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला या बाबतीत जास्त जपावं लागतं.

सासूबाईंबद्दल थोडं. त्या "सवय लागेल" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना तुमचीच काळजी असते, पोटावर टाके, रात्रीचं जागरण, ही पोरगी दिवसभर उठबस करून राहिली, हिचं शरीर कसं भरून येईल. ते त्यांना बोलता येत नाही, म्हणून बाळावर येतं. भांडू नका, बाळ त्यांच्या हातात द्या. संध्याकाळची सात ते आठ ही वेळ आजीची, तुम्ही त्या वेळात आंघोळ करा, जेवा, नुसत्या पडून राहा. पुढच्या नोकरीची तयारीही यातच होऊन जाते. १९६४ मध्ये ग्लासगोत शाफर आणि एमर्सन यांनी ६० बाळं पाहिली, दीड वर्षाची होईपर्यंत जेमतेम १३ टक्के बाळं एकाच माणसाला धरून होती, बाकी सगळ्यांची दोन-तीन किंवा जास्त माणसं झाली होती, आणि जास्त लळा लागला तो जो नुसता जास्त वेळ घरात होता त्याचा नाही, जो हाकेला धावला त्याचा. म्हणजे आजीचा लळा लागला म्हणून तुमचा वाटा कमी होत नाही. आजी, बाबा, आत्या, जितके हात तितकं बरं, फक्त ते हात रोज तेच असावेत, महिन्याला नवी बाई असं नको.

रजा संपेल तेव्हा ती सुधारित वयाने, म्हणजे ड्यू डेटपासून मोजलं तर, साडेचार-पावणेपाच महिन्यांची असेल. हा बरा काळ आहे, कारण परक्याची भीती आणि आईमागे रडणं साधारण सात-आठ महिन्यांनंतर जोरात येतं. आधी पंधरा दिवस आजीला बाळाचं सगळं एकटीने करू द्या, तुम्ही घरातच दुसऱ्या खोलीत, मग तास-दोन तास बाहेर. तुमची घातलेली सुती साडी किंवा ओढणी आजीच्या खांद्यावर, वास ओळखीचा असतो. निघताना गुपचूप पळू नका, जवळ घ्या, सांगा, जा. एन्सवर्थ यांनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांसाठी जी परीक्षा बसवली त्यात आईला अनोळखी खोलीतून दोन-तीन मिनिटं बाहेर पाठवत, आणि खरं बघत ते ती गेल्यावर मूल रडतं का हे नाही, परत आल्यावर मूल तिच्याकडे येऊन निवतं का. तेव्हा पुढे वर्षाची झाली आणि तुम्ही निघताना रडली तर घाबरू नका. बँकेतून आल्यावर पर्स ठेवा, हात धुवा, आणि स्वयंपाकघरात जाण्याआधी, मोबाईल हातात घेण्याआधी तिला घ्या, अर्धा तास फक्त तिचा. घरी बाकीच्यांना तेवढं सांगून ठेवा की त्या अर्ध्या तासात चहा मागायचा नाही.

आणि चुका होतात म्हणून रात्री जागू नका. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई-बाळांचे व्हिडिओ सेकंदासेकंदाने पाहिले, चांगल्या जोड्यांमध्येसुद्धा दोघांचे सूर साधारण ३० टक्के वेळच जुळलेले असतात, उरलेल्या वेळात चुकतं आणि परत जुळवलं जातं. बाळ त्या परत जुळवण्यातूनच शिकतं.

पण एक गोष्ट मी टाळणार नाही. रडणं ऐकून डोकं भणभणतंय, बाळाला गदागदा हलवावंसं वाटतंय, असं झालं तर बाळ पाळण्यात सुरक्षित ठेवा, दार लोटून घ्या, दहा मिनिटं गच्चीवर जा, कुणाला तरी बोलवा. दहा मिनिटं एकटं रडल्याने काहीही होत नाही, हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि सलग दोन आठवडे मन उदास, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही असं असेल तर तो आजार आहे, औषध-समुपदेशनाने बरा होतो, डॉक्टरांना सांगा, नाहीतर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, फुकट आहे.

संध्याकाळचं ठरलेल्या वेळेचं रडणं एरवी दूध पिणाऱ्या, वजन वाढणाऱ्या बाळात चालतं. पण ताप १००.४ च्या वर, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध सोडलं, सुस्त पडली, किंवा रडण्याचा आवाजच वेगळा, चिरका झाला, तर सकाळची वाट पाहू नका. एकदा कपडे काढून पूर्ण बघा, जांघेत फुगवटा आहे का, वेळेआधीच्या बाळांत हर्निया जास्त दिसतो, आणि पायाच्या बोटांना तुमचा गळलेला केस गुंडाळला गेलाय का, बाळंतिणीचे केस खूप गळतात आणि हे सहज राहून जातं.

१४ आठवड्यांची लस तीन आठवड्यांवर आली आहे. लसी जन्मतारखेनेच द्यायच्या, तिथे पाच आठवडे वजा करायचे नाहीत. सिस्टरना आधीच सांगा की टोचताना मी पाजणार आहे, दोन मिनिटं आधी अंगावर घ्या आणि टोचून झाल्यावरही सोडवू नका, दुखणं खरंच कमी होतं. एनआयसीयूत राहिलेलं बाळ आहे, कानांची तपासणी झाली नसेल तर त्याच दिवशी लिहून घ्या, आणि घरून निघताना डिस्चार्जची फाईल सोबत घ्या.